पाठपोट

नोव्हेंबरात तोरिनोच्या कमानींखाली
चार वाजताच दिवे लागतात.
दुकान रिकामं होतं, मी नमुने लावत बसले होते:
प्रत्येक कागदाचा तळहाताएवढा तुकडा,
मागे पेन्सिलीनं वजन, भाव,
आणि एका शब्दात माझं मत.

मार्करला कुठला चांगला, विचारतात लोक.
मी सांगत नाही. तुकडा पुढे करते.
ठिपका टेकवा. उचलू नका. पाच मोजा.

जलरंगाचा दोनालाच पसरतो,
खरबरीत, महागडा, तहानलेला;
ठिपक्याला केस फुटतात त्याच्यावर
आणि मार्करचं टोक आठवड्यात पिंजारतं.
छपाईचा साधा तर घटाघटा पितो,
पिऊन खालच्याला पाजतो, खालचा त्याच्या खालच्याला.
सोमवारचं फूल गुरुवारच्या पानावर उमटतं.
ब्रिस्टॉल जाड, गुळगुळीत,
रंगाला जरा वेळ ओला राहू देतो
म्हणजे शेजारचा येऊन मिसळेपर्यंत.
आणि हा सत्तर ग्रॅमचा,
उजेडाला धरला तर पलीकडची बोटं दिसतात,
पण पाठीला लेप आहे.
कितीही ओता, सगळं पोटात ठेवतो.

हाच द्या, म्हणतात बहुतेक.
बरोबरच आहे.

सेकोन्दो ओद्देनिनो आले तेव्हा टोपीवर धुकं होतं.
एकेचाळीस वर्षं गाड्या काढल्या त्यांनी,
गाड्या म्हणजे चकाकी.
बॉनेटवर आकाश कुठे पडेल,
दारावर रस्ता कुठे वाकेल,
म्हणजे कागद कुठे कोरा सोडायचा, हे त्यांचं काम.
आता हात हलतो. ठिपक्यांची अंडी झाली.
तरी पिडमाँटच्या बोलीत, सावकाश,
प्रत्येक तुकड्यावर पाच मोजले
आणि प्रत्येक तुकडा उलटा केला.
पुढची बाजू पाहिलीच नाही.

सत्तर ग्रॅमचा बोटानं बाजूला सारला.
"हा मुका."

मी म्हटलं, तुम्ही तर जन्मभर हाच वापरला असेल.
"कंपनीनं वापरला. चित्रं तिच्या कपाटात आहेत.
सह्या साहेबांच्या.
एकदा संपात हा कागद महिनाभर आलाच नाही,
तेव्हा मिळेल त्यावर काढलं.
संध्याकाळी चित्र वरच्या मजल्यावर गेलं,
टेबलावर राहिला त्याच्या खालचा ताव.
त्यावर गाडी नव्हती, पोरी.
हात जिथे जिथे थांबला, तेवढेच डाग.
दाराच्या वळणावर सात, बारीक.
मागच्या चाकावर एक मोठा निळा;
तिथे मी बराच वेळ कसला तरी विचार करत होतो.
आता आठवत नाही.
गाडीचा नसावा."

तो ताव कुणी मागितला नाही.
घरी जेवणाच्या खोलीत लावलाय.
बायको म्हणते, भिंतीला गोवर आलाय.

त्यांनी साध्याचं आख्खं बंडल घेतलं, सगळ्यात स्वस्त.
धर्म म्हणून मी सांगितलं,
खाली पुठ्ठा ठेवा, टेबल खराब होईल.
"पुठ्ठा नको," म्हणाले, "खाली दोन कोरे ठेवीन."
आणि सुटे पैसे नाण्यानाण्यानं मोजून दिले,
पाचाला थांबत, पुन्हा सुरू करत.

ते गेल्यावर मी नमुन्यांचा ट्रे उचलला.
खाली काउंटरचं लाकूड.
अकरा वर्षं पुसतेय मी हे,
कधी वाकून पाहिलं नव्हतं:
इतक्या अनोळखी लोकांचे पाच-पाच आकडे,
लाल, शेवाळी, एक कोवळा पिवळा अगदी कडेला.

साध्याच्या पाठीवर मी लिहिलं होतं, "टाकाऊ".
ते खोडलं.
पेन्सिल हातात धरून बसले, दुसरा शब्द सुचेना.

तेवढ्यात डिझाइन शाळेची एक मुलगी धापा टाकत आली,
उद्या सकाळी चित्रं द्यायची होती.
तिला सत्तर ग्रॅमचाच दिला.