साडेबाराचा खाना

दीपनगरच्या वीजघरात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले
झोपे सर आम्हाला शिकवत होते, जळगावात, तीन दिवस,
दुपारच्या जेवणानंतर. आणि आम्ही जागे होतो.
म्हणाले, बॉयलर सहसा फुटत नाही.
जिथे एकाचा पाइप संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो
तिथे कुणाचीच सही नसते. तिथे बघा.

मी वहीत उतरवून घेतलं. सुंदर अक्षरात.
वाटलं, हे वीजघरांसाठी आहे.

माझं वीजघर म्हणजे ऐनपूरचा केळीचा बाग:
सोळाशे झाडं, बारा सेन्सर,
एक छापील तक्ता, आणि दोन हंगामांची
एक रेघ, जी खोटं बोलत होती.
पाणी सोडलं सकाळी सहाला, असं तक्ता म्हणे.
माती भिजली रात्री एकला, असं सेन्सर.
आधी ओल, मग पाणी.

काय नाही केलं? सेन्सर बदलले. वायरी सोलल्या.
बादलीत माती भिजवून एकेकाला शपथ घातली.
मग, सांगायला लाज वाटते,
चार पानी सिद्धांत लिहिला: केळीची मुळं
रात्री खालून पाणी वर ओढत असावीत.
संदर्भसूचीसह.

शेवटी कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढली.
चौकोन, चौकोन, मधे बाण.
चौकोन सगळे पक्के.
वॉलपासून तक्त्यापर्यंतच्या बाणावर बोट ठेवलं
आणि लक्षात आलं, हा बाण तर चालत जातो.
त्याच्या हातात टॉर्च असतो, पायात टायरच्या चपला,
नाव जुम्मा तडवी.

बांधावर विचारलं.
"लाइट येते रातच्या साडेबाराले. तवाच पानी सोडतो.
तुमच्या कागदावर साडेबाराचा खानाच नाही ना, ताई.
सहाचा व्हता. त्यात लिवलं."
मग बिडी विझवत,
"मले कोनी इचारलंच नाही."

वहीचं पहिलं पान: काम ज्याच्या हातून होणार
त्याला आधी विचारा.
मी ते अधोरेखितही केलं होतं. दोनदा.

सिद्धांताची पानं फाडली नाहीत.
फायलीत सगळ्यात वर लावलीत.

नव्या तक्त्यात वेळ छापलेली नाही.
एक कोरा रकाना आहे, जरा रुंद.
पहिली नोंद, जुम्माच्या गोल अक्षरात:
"१२.४०. वॉलजवळ साप. पानी अर्ध्यात बंद."

रेघ बघितली.
त्या रात्री ती खरंच अर्ध्यात थांबलीय.

आता आकृती पुन्हा समोर घेऊन बसलेय,
पेन्सिलीला टोक करून.
साप चौकोनात येतो की बाणात?