रात्रीचं रक्त

विद्यापीठाच्या फॉर्मवर बारा नंबरचा रकाना:
एकूण शोधनिबंध. त्याखाली एकूण उद्धरणं.
त्याखाली एच-निर्देशांक, आणि बारीक अक्षरात
पुरावा जोडावा.

पराते मॅडम कूलरसमोर चष्मा पुसत बसल्यात.
मे महिना. वाळ्याच्या ताट्यांना ओला वास.
आणि मी, निमजे, तंत्रज्ञ, नोकरी एकतीस वर्षं,
मोठ्यानं आकडे वाचून राहिलो.

अठ्ठेचाळीस निबंध. एक हजार नऊशे सहा उद्धरणं.
"निम्मी एकाच निबंधाची," मॅडम म्हणतात,
"त्यात माझं नाव सहावं.
मी फक्त यंत्र चालवलं होतं."

एक्केचाळिसाव्या ओळीवर मी थांबतो.
हत्तीपायाचा जंत आणि गप्प बसणाऱ्या पेशी.
तांडापेठ, गोळीबार चौक, एकशे बारा जण.
उद्धरणं: तीन.

"मॅडम, उद्धरण म्हणजे उद्धारच ना?"
"नाही हो निमजे. कोणीतरी आपल्याला
कंसात टाकून पुढं गेलं, एवढंच."

तो जंत दिवसा फुप्फुसात दडतो,
रात्री दहानंतर बोटांच्या टोकापर्यंत येतो.
म्हणून आम्हीपण रात्री दहानंतरच निघायचो,
माझ्या लुनावर मागं काचपट्ट्यांची पेटी,
मॅडमच्या हातात टॉर्च, पर्समध्ये बिस्किटं
कुत्र्यांसाठी.
हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली माणसं.
वरून बोट पुढं करायची,
पाय काही वर काढायची नाहीत.
"आले बाप्पा रगत पिणारे," कोणी म्हणायचं,
आणि चहा मांडायचं.

एक टोचणी, तीन थेंब, एक काचपट्टी.
सकाळपर्यंत माझी बोटं जांभळी.

हा जंत शरीराशी भांडत नाही.
पहारेकरी पेशींच्या कानात काहीतरी बोलतो,
आणि ज्यांनी आरडाओरड करायची
त्याच म्हणतात, राहू दे, आपलाच आहे.
दहा दहा वर्षं.
हे लिहायला मॅडमला नऊ पानं लागली.
मला लवकर कळलं,
आमच्या घरातला भाडेकरू असाच होता.

नमुना क्रमांक एकसष्ट, गिरजाबाई हेडाऊ.
छापून आलेलं तिला पाहायचं होतं.
मॅडमनं घरी जाऊन पान उघडलं.
"माझं नाव कुठं हाय यात?"
मॅडमनं कोष्टकावर बोट ठेवलं, या एकशे बारात.
म्हातारी बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिली.
मग म्हणाली,
"ह्यातली कोणती एक?"

रात्री परत येताना मॅडम
गांधीबागेपर्यंत काही बोलल्या नाहीत.

तीन उद्धरणांपैकी एक ब्राझीलमधलं,
त्यात पराते नाही, पॅरॅट.
एक नायजेरियातल्या प्रबंधातलं, ते पान उघडतच नाही.
तिसरं मॅडमचं स्वतःचं,
आणि फॉर्म म्हणतो, स्व-उद्धरणं वगळावीत.
म्हणजे दोन.

"हा निबंध पहिला लिहा," मॅडम अचानक म्हणतात.
"नाही जमत मॅडम, जास्त उद्धरणं वर, असं आहे."
"मग वेगळा कागद जोडा."
"त्यावर काय लिहू?"
मॅडम चष्मा परत पुसतात,
मघाशी पुसलेलाच.

खालच्या कपाटात, औषध कंपनीच्या डायऱ्यांखाली
ती पेटी अजून आहे. उंदरांनी एक कोपरा खाल्ला.
एकसष्ट नंबर मला न पाहता सापडतो,
उजेडाकडे धरला की फिकट जांभळा डाग,
नखाएवढा.

पुरावा जोडावा, लिहिलंय.
काचेला स्टेपलर लागत नाही.

कूलर खडखडायला लागलाय, टाकीतलं पाणी आटलं.
मी बादली घेऊन उठतो.
मॅडम काचपट्टी हातात धरून
घड्याळाकडे पाहतात.
दहाला अजून वेळ आहे.