गाळी

सव्वीस हजार स्ट्रॉ मागितल्यावर
रविवार पेठेतल्या दुकानदारानं चष्मा वर केला,
"लग्न कुणाचं ओ, सर?"

लग्न नाही.
वाऱ्याला सरळ चालायला शिकवायचंय.

उद्यमबागेत, कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये
दोन महिने एकेक नळी रचत बसलो,
मधमाश्या हसतील इतकं वाकडं पोळं.
कंग्राळीच्या भैरू सुतारानं प्लायवूड भिजवून वाकवलं,
तोंड तीन फुटी, गळा एक फुटी.
"नरसाळंच की हे," म्हणाला.
गळ्यात वेग नऊपट होतो, म्हटल्यावर
विडी विझवून
पुन्हा एकदा आत डोकं घालून आला.

पंखा निपाणीचा, तंबाखूच्या वखारीत बारा वर्षं फिरलेला.
पहिल्यांदा लावला तेव्हा शेडभर शिंका;
मॅनोमीटरमधलं लाल पाणी हललं
ते वाऱ्यानं की आमच्यानं, कळेना.

ईरण्णा फिटर बोल्ट आवळताना कन्नडात मोजतो,
ओंदु, एरडु, मूरु.
मी मराठीत तपासतो.
आठच भरतात.
त्याच्या भाषेत वाऱ्याला गाळी म्हणतात.
मी म्हटलं, आमच्यात चहा गाळतात.
तो नळ्यांकडे बोट करून हसला,
"मग हे काय करूलालाय, सर?"

कावेरी बंकापुरे, पाचवं सेमिस्टर, वडगावची.
घरच्या मागावरची रेशमाची लडी घेऊन आली,
सागवानी पंखावर बोटभर धागे चिकटवले,
ओळीत, सारख्या अंतरावर, पट्टी न लावता.
"मोजलं नाहीस?"
"मोजलं की. डोळ्यानं."

तीन वाजता व्होल्टेज आलं.
सगळे धागे एका दिशेला पडले,
तेल लावून विंचरल्यासारखे.
चार अंश. आठ. बारा.
हा बाण मी फळ्यावर वर्षानुवर्षं काढलाय,
पाठीला चिकटून जाणारा, शहाणा.
पंधराला मागच्या कडेचा एक धागा थरथरला,
उठला,
आणि वळून जाळीकडे बघू लागला,
वारा जिथून आला तिकडे.
मग शेजारचा.
मग सगळी ओळ.

कुणाच्या तरी हातातली उदबत्ती
बोटापर्यंत जळत आली होती.

तेवढ्यात लाईट गेली.
पंखा दमानं थांबला, धागे लोंबले.
कावेरीनं वहीत लिहिलं: प्रवाह विलग झाला.
खोडलं.
वर लिहिलं: पंधराला वारा सुटला.

ईरण्णा खांद्यावरून वाचत होता.
"सुटला म्हणजे," त्यानं विचारलं,
"आला, का गेला?"