खोडण्याचं काम

पिओरिया काउंटीच्या कोर्टात, तळमजल्यावर,
माझं काम खोडण्याचं.
कायदा बदलला तेव्हा खोकी वर आली,
एकोणीसशे ब्याऐंशीपासूनची,
हात लावताच रबरबँड तुटणारी.
नाव. जन्मतारीख. ग्रॅम.
मी शिक्का मारते, बटण दाबते,
आणि एक माणूस गुन्हेगार राहत नाही.
दिवसाला चाळीस. शुक्रवारी तीस.

खिडकीतून समोरच ते दुकान दिसतं.
आधी तिथे गाद्या विकायचे.
आता काचेचं दार, दारात ओळखपत्र बघणारा मुलगा,
सराफाच्या पेढीवर असतो तसा अदबशीर.
आत बरण्यांच्या रांगा,
वजन, भाव, कर, पावती.
पावतीच्या पाठीवर छापलंय: पुन्हा या.

दुकान येण्याआधी सभा झाली होती.
प्रत्येकाला तीन मिनिटं, घंटी वाजली की बसायचं.
निवृत्त हवालदार म्हणाला, यासाठी मी दारं फोडलीत,
ती का फोडली, आता कुणी सांगेल का?
त्याला खरंच उत्तर हवं होतं.
एक बाई म्हणाली, केमोनंतर नवऱ्याच्या पोटात
दोन घास गेले ते यामुळेच.
शाळेची नर्स म्हणाली, नववीतली मुलं
जेवणाच्या सुट्टीनंतर लाल डोळ्यांनी येतात,
माझ्याकडे फक्त बर्फाच्या पिशव्या आहेत.
महापौरबाईंनी कराचा आकडा वाचला,
खड्डे बुजतील म्हणाल्या.
मी हात वर केला नाही.
माझं तीन मिनिटांत बसणारं नव्हतं.

मंगळवारी लेम्युएल प्रुइट आला.
वय एकसष्ट. कडक इस्त्रीचा शर्ट.
अकरा ग्रॅम, एकोणीसशे ब्याण्णव.
शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागणार होता,
गणवेशाचं मापसुद्धा देऊन झालं होतं.
मी कागद पुढे सरकवला.
त्याने दोनदा वाचला.
म्हणजे हे झालंच नव्हतं?
कायद्याच्या नजरेत, नाही, मी म्हटलं.
मग ते पाच महिने मी कुठे होतो?
माझ्या फॉर्मवर या प्रश्नाला रकाना नाही.
त्याने कागदाची नीट घडी घातली,
समोरच्या दुकानाकडे पाहिलं,
भाडं किती भरत असतील हे लोक, म्हणाला,
आणि बस गाठायला निघून गेला.

घरी अन्वयची खोली बंद असते.
कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातून परत आला तो
भिंतीतली माणसं आपलं नाव घेतात म्हणत.
डॉक्टर म्हणतात, गांज्यामुळेच, असं म्हणता येणार नाही.
गांज्यामुळे नाही, असंही म्हणता येणार नाही.
घराण्यात कुणाला होतं का?
मी नेवाशाच्या धाकट्या काकाचं सांगितलं,
ज्याला देवाचं माणूस म्हणून
आम्ही सगळे मोकळे झालो होतो.

आई फोनवर एवढंच म्हणाली,
तुळशीत भांग उगवली गं.
मी काही बोलले नाही.
पण तेव्हापासून ओट्यावरच्या कुंडीकडे बघते,
इलिनॉयच्या थंडीत तीन पानांवर आलेली तुळस,
आणि वाटतं, त्या म्हणीत
भांगेला कुणी विचारलंच नाही,
बाई, तू कुठून आलीस,
बी कुणी टाकलं,
ऊन किती मिळालं तुला.

शेजारची डोरीन विचारते,
तू तर त्याच ऑफिसात, तुझं मत काय?
आठ ते चार मी खोडण्याच्या बाजूने असते, मी सांगते.
ती हसते. चारनंतरचं विचारत नाही.
विचारलं तरी काय सांगणार,
प्रुइटची पाच महिने एका पारड्यात टाकून
दुसऱ्यात मुलाची खोली ठेवायची,
आणि तराजू कुणाचा, समोरच्या दुकानाचा?

रात्री त्याच्या डोक्याला तेल लावते.
गोळ्यांनी त्याचे हात थरथरतात,
म्हणून भांग मीच पाडते.
कंगवा मध्येच अडकतो, रेघ वाकडी जाते.
डावीकडून पाड, तो म्हणतो,
कितीतरी दिवसांनी माझ्याशी,
भिंतीशी नाही.