फाडायची रेघ

दादांच्या विजारीच्या दुमडीतून
रोज संध्याकाळी कागदाच्या टिकल्या सांडायच्या.
मोहरीएवढ्या, पांढऱ्या.
प्रेसच्या गेटवर झडती व्हायची : खिसे, टोपी, डबा, वहाणासुद्धा.
टिकल्यांना मात्र कुणी चोरी म्हणत नसे.
आई केरसुणी फिरवत पुटपुटायची,
"सरकारचा कचरा, नि माझ्या दारात."

लहानू भिवा पगारे. बिल्ला चारशे सतरा.
सिक्युरिटी प्रेस, नाशिक रोड. भोकाचं मशीन.
प्लेगात बाप गेला त्या साली जन्म;
तारीख साहेबानं अंदाजे घातली,
बैल घेताना दात बघतात तशी.
काम एवढंच, की तिकीट आणि तिकीट यांच्यामध्ये
थोडी हवा ठेवायची,
लोकांना सरळ फाडता यावं म्हणून.

तीस साली रामनवमीला रथ ओढायला गेले
आणि कपाळावर दगड घेऊन आले.
दुसऱ्या दिवशी डोक्याला फडकं बांधून पाळीवर.
मशीनखाली राजाची डोकी, तावच्या ताव,
एकालाही खोक नाही.
पुढं कधीतरी देवळाचं दार उघडलं.
"आता पाय दुखतात," म्हणाले. गेले नाहीत.

सत्तेचाळीस.
त्याच राजाच्या तोंडावर काळ्या शाईत
दुसऱ्या देशाचं नाव उमटवून गठ्ठे निघाले,
एकाच गोदामातून, दोन दिशांना.
मी नऊ वर्षांची. विचारलं,
देशालापण तुम्हीच भोकं पाडली का?
दादा बराच वेळ तंबाखू मळत राहिले.
"आमची रेघ सरळ असते, बाई."

छप्पनला रजा टाकून नागपूरला गेले.
आल्यावर घरातले देव गोदेत सोडले.
आईनं खंडोबाचा टाक पिठाच्या डब्यात लपवला,
वर्षभर आमच्या भाकरीत देव होता.

सहासष्ट. निवृत्तीला काही महिने.
पंधरा पैशांचा ताव मशीनवर आला
आणि हात थांबला.
तो चेहरा. ज्याच्या मागे तीस साली उभे होते.
"पगारे, झोप लागली काय?" फोरमन ओरडला.
त्या संध्याकाळी त्यांनी
आईला केरसुणी लावू दिली नाही.

मग चौतीस वर्षं नुसती उरलेली.
एकोणसत्तरचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं.
आणीबाणीत शेजारचे मास्तर आत गेले, इथंच, आमच्याच तुरुंगात;
त्यांची पत्रं उघडून यायची, तिकीट शाबूत.
एसटीडीचे बूथ आले, कुरिअरवाला आला.
नातू म्हणाला, आता पत्र कॉम्प्युटरवरून जातं, तिकीट लागत नाही.
"मग फाडायचं कुठून?" दादांनी खरंच विचारलं.

बिटको दवाखान्यात गेले, दोन हजार साली, उन्हाळ्यात.
मृत्यूच्या दाखल्यावर जन्मतारखेपुढे मी 'अंदाजे' लिहिलं.
"अंदाजे चालत नाही, मावशी."
मागे रांग होती. सुचली ती टाकली.
घरी येऊन त्यांची जुनी विजार काढली,
दुमड उलटी करून झटकली.
शेंगदाण्याची सालं निघाली.