पाणी लागलं का

पहाटे चारला शेगडी विझायला येते.
गजर लावत नाही.
आधी माझं नाक उठतं, मग मी.
बाहेर उणे एकतीस. नमद्याच्या भिंतीपलीकडे
कुणाचं तरी कुत्रं एकदा भुंकतं
आणि बेत बदलतं.

चार ढलप्या, त्यावर कोळशाचे गोळे,
मग नुसतं बसायचं.
धुराड्याची झडप लवकर मिटली तर धूर आत,
उशिरा मिटली तर ऊब बाहेर,
म्हणून कुणीतरी जागं हवं.
ही वीस मिनिटं माझ्याकडे कुणी मागत नाही.
तेमूलेन नाही, नोमिन नाही,
कोळशाचा ट्रक घेऊन सीमेवरच्या रांगेत
चौथी रात्र काढणारा त्यांचा बाप नाही.
कारखान्यातलं विणायचं यंत्रसुद्धा
सातपर्यंत गप्प असतं.

तेव्हा लिहिते.
पेन्सिलनं. पेनातली शाई गोठते.
शेगडीच्या दारातून सांडेल तेवढा उजेड,
कधी सहा ओळी, कधी एकच शब्द, तोही खोडलेला.
तीन हिवाळ्यांत चाळीस पानं.
सारनाई म्हणते, मुलं मोठी होऊ देत, मग लिही की निवांत.
तोवर बाबांच्या खोकल्याचा सूर विसरेन, सारनाई.
आत्ताच अर्धा विसरलेय.

लिहिते ती विहीर.
मी सात वर्षांची असताना
बाबांनी गोबीत खणायला घेतलेली.
रोज वर येणारी माती वेगळी:
राखाडी, तांबडी, एकदा तर
उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखी.
आई दोराला गाठी मारायची
आणि दर गाठीला बाबांना हाक.

मागच्या मंगळवारी तेमूलेनची गणिताची वही संपली.
मी पाण्याच्या टपरीवर, रांगेत,
हातगाडीवर दोन कॅन.
त्यानं आपलं आपण शोधलं:
सरपणाच्या पेटीमागची वही, मागून कोरी.
सातचा पाढा, सहा भागाकार, एक ट्रॅक्टर,
आणि वही गेली दुपारच्या शाळेला.

संध्याकाळी दारात बुटांचा बर्फ झटकत म्हणाला,
"आई, बाईंनी तुझंपण तपासलंय."

त्याच्या भागाकारांना दहापैकी आठ.
माझ्या विहिरीला गुण नाहीत.
दोन शब्दांचं शुद्धलेखन लाल शाईत दुरुस्त,
आणि जिथे ओळ मध्येच तुटली होती
(त्या पहाटे नोमिन उठली असणार)
तिथे चेरेनल्हाम बाईंचं
बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर:
"मग पाणी लागलं का?"

कान तापले.
आधी लाज वाटली, मग तेमूलेनचा राग आला,
मग काय ते कळेना.
बटाटे सोलायला बसले.
चौघांचे सोलले; आम्ही तिघंच.

पुढच्या पहाटे लिहिलं नाही, नोमिनला ताप.
त्याच्या पुढच्या पहाटे कोळसा दमट,
फुंकर घालण्यातच सगळी वीस मिनिटं गेली.
मग एक दिवस मीच उठले नाही.
बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती,
मुलं कोटासकट एकमेकांत शिरून झोपलेली.
त्या दिवशी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

आज परत चार.
ढलप्या, गोळे.
लाल ओळीखाली थोडी जागा उरलीय,
तिथूनच सुरू करते:

लागलं, बाई.
एकविसाव्या दिवशी, चौदाव्या गाठीला.
बाबांनी खाली ओंजळ भरून चाखलं
आणि बराच वेळ हाकेला ओ दिली नाही.
खारं होतं.
उंट प्यायले. आम्ही

थांबा,
झडप.