शनिवारचं काळं

हार्डबोर्डचे सहा खिळे निघाले, सातवा निघेना.
स्ट्रुअन म्हणाला, भिंतच पाडू.
मग सगळं एकदम सुटलं
आणि पन्नास वर्षांची काजळी
आमच्या नव्या गालिच्यावर येऊन बसली
पाहुण्यासारखी, बूट न काढता.

चिमणीतून निघालं कावळ्याचं घरटं,
काटक्या, लोकर, बसचं एक तिकीट.
खाली बीड.
बीड आहे हे आधी कळलंच नाही:
वर पिस्ता, त्याखाली चॉकलेटी,
तळाला पांढरा. त्यात शिसं निघालं,
म्हणून मास्क लावून, खिडक्या सताड उघडून
फॉलकर्कच्या जानेवारीत कुडकुडत
आम्ही एकेक फूल खरवडत बसलो.
लेप लावला की रंग सायीसारखा सुरकुततो.
पाकळ्यांच्या खाचांत दातकोरणी.

डाव्या खांबावरच्या वेलीला एक पान कमी.
तुटलेलं नाही, कड गुळगुळीत आहे.
साच्यातली वाळूच ढासळली असेल त्या दिवशी,
आणि कुणी ओतारी म्हणाला असेल,
चालतंय, कोण बघतंय.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या मिसेस रेनी आल्या.
वय शहाऐंशी. हातात स्कोनची बशी, वर पांढरा नॅपकिन.
याच घरात वाढल्या त्या.
मला वाटलं, आता डोळे भरून येतील.
त्या म्हणाल्या,
"हे भूत कशाला उकरलंत?"

"दर शनिवारी. आईचे गुडघे गेले तेव्हा मी नऊ वर्षांची.
राख काढायची, गंज घासायचा, काळं लावायचं, चमकवायचं.
सोमवारी शाळेत नखं दाखवा म्हणायचे.
मोठी झाल्यावर मीच रंगवून टाकलं, तीनदा.
तरी डोळ्यांपुढून जाईना, तेव्हा ठोकला हार्डबोर्ड.
सातवा खिळा मुद्दाम तिरका मारलाय."

स्ट्रुअन चहा ठेवायला पळाला.
मी फडक्याने पॉलिश चोळत राहिले,
दुसरं काय करणार.
त्यांना बघवेना.
"फडकं नाही. ब्रश.
आणि एवढं नको, मुंगीला पुरेल इतकंच घे."
खांबाला धरून त्या खाली बसल्या,
एक गुडघा, मग बऱ्याच वेळाने दुसरा.
मनगट आपोआप फिरू लागलं, छोटं, गोल,
आणि न बघता त्यांचा अंगठा
नसलेल्या पानापाशी थांबला.
"इथे काळं साचतं. आधी इथलं पुसायचं."

बेसिनपाशी त्यांनी हात तीनदा धुतले.
नखं दिव्याखाली धरली. परत धुतले.

"पेटवणार का?"
नाही, वरून धुरांडं बुजवलंय. मेणबत्त्या ठेवू म्हणतो.
त्या इतक्या हसल्या की भिंतीला टेकल्या.
"मेणबत्त्या!
म्हणजे राख नाही काढायची."

दारात वळून त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला,
मग काढून घेतला,
आणि चहाचा ट्रे घेऊन उभ्या स्ट्रुअनच्या
कपबशांमध्ये ठेवला.
"शनिवारी दहाला येते.
हा बसेल खाली."